पाचशे वीस ग्रेन

१९ जून

शिकारीच्या तक्त्यात लिहिलंय, एल्कला — म्हणजे घोड्याएवढ्या हरणाला — बाणात बेचाळीस फूट-पौंड ऊर्जा पुरे. बाबाच्या बाणात त्रेचाळीस होती. मग तो एल्क पडला का नाही?

माहीत नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन पाच आठवडे झाले. घरातली पहिली! आईने ती फ्रीजच्या वर भिंतीला लावलीय, येणारा-जाणारा मान वर करून बघतो — आणि मला या एका प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

गेल्या सप्टेंबरची गोष्ट एकदाची लिहून टाकते. बाबाने बाण सोडला. एल्कला लागला. एल्क पळाला. बाबा आणि ऑरिनकाका दोन दिवस रक्ताच्या थेंबांमागे डोंगर चढले. दुसऱ्या दुपारी थेंब संपले. हाती लागला तो नुसता बाण — मोडलेला, टोकाकडून सहा इंच रक्ताने माखलेला. सहाच! सातशे पौंडांच्या जनावरात सहा इंच. कुठल्या तरी घळीत तो तीन-चार दिवस तडफडून मेला असेल. नाहीतर जगला असेल, खुरडत. घरी येऊन बाबाने धनुष्य शेडमधल्या खिळ्याला टांगलं, ते अजून तिथेच आहे. एवढंच म्हणाला, "अर्धं मारणाऱ्याने धनुष्याला हात लावू नये."

आणि ते बाण मी बनवले होते.

२० जून

काल अर्धवट राहिलं.

बाबा नालबंद आहे. या खोऱ्यातल्या निम्म्या घोड्यांच्या पायात त्याचे नाल आहेत. दोन वर्षांपूर्वी एका घोडीने पाय झटकला आणि त्याच्या उजव्या खांद्यातला स्नायू फाटला. त्याआधी बाबा सत्तर पौंडांचं धनुष्य ओढायचा. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले, पंचेचाळीसच्या वर नाही. नवं, हलकं धनुष्य आणलं. बाबा ते असं धरायचा, जसं कोणी त्याच्या हातात छत्री दिलीय.

तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होते. गतिज ऊर्जा नुकतीच घोटून झाली होती. वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट, पण वेग दुप्पट केला तर चौपट! म्हणजे बाण हलका करा, वेग वाढवा, झालं. जेवणाच्या टेबलावर मी हे अख्खं व्याख्यान दिलं. बाबा म्हणाला, "तुला कळतं त्यातलं." एवढ्या विश्वासाने म्हणाला, की आठवलं तरी अंग चोरावंसं वाटतं. तीनशे दहा ग्रेनचे, म्हणजे जेमतेम वीस ग्रॅमचे, सहा बाण बनवून दिले. सेकंदाला अडीचशे फूट. ऊर्जा त्रेचाळीस.

चूक कुठे होती ते आता दिसतंय. धनुष्य काही बाणाचं वजन बघून जास्त ऊर्जा देत नाही. तार जेवढी ओढली तेवढंच पोटात असतं, हलका बाण असो की जड. हलक्या बाणाने वेग मिळतो, पण ऊर्जा तीच राहते — आणि संवेग घटतो. कातडं, बरगडी, मांस भेदत जायला लागतो तो संवेगच. रेटा. भरधाव सायकलपेक्षा हळू येणारा ट्रक थांबवणं अवघड, तसं.

म्हणजे उत्तर कळलं? जवळजवळ. जड बाण हवा. किती जड, ते आता काढायचं.

२४ जून

आजोबांचा तराजू माळ्यावरून काढला. काडतुसं घरी भरायचे तेव्हा बंदुकीची दारू तोलायला तोच. ग्रेनमध्येच मोजतो. बाण आडवा ठेवला की डोलतो, म्हणून पारड्यात डब्याचं झाकण ठेवून त्यावर बाण उभा केला. गेल्या वर्षीचे पाच उरलेत. तीनशे आठ ते तीनशे तेरा. फार वाईट नाही.

मग तोल. स्वयंपाकाच्या सुरीच्या पाठीवर बाण आडवा ठेवायचा, सरकवत सरकवत तो स्थिर राहील ती जागा शोधायची. दांडी अठ्ठावीस इंच, म्हणजे मध्य चौदावर. तोल आला सव्वासोळावर. मध्यापासून सव्वादोन इंच पुढे. आठ टक्के. फारच कमी! तोल पुढे असला की टोक ओढून नेतं, मागचा भाग मुकाट मागे येतो. तोल मध्याजवळ असला की काही लागताच शेपूट भलतीकडे जायला बघते आणि रेटा वाया जातो.

आई म्हणाली, "ती सुरी धुऊन जागेवर ठेव. आणि टेबल सोड, मला पीठ मळायचंय."

३ जुलै

परवाना आला!!

बाबाने चौदा वर्षं अर्ज केला या डोंगराच्या नर एल्कसाठी. दर वर्षी सोडतीत नाव नाही. (गेल्या सप्टेंबरचा एल्क पलीकडच्या डोंगरातला, तिथला साधा परवाना कोणालाही मिळतो.) या वर्षी त्याने अर्ज केलाच नव्हता — आईने सवयीने भरला. आणि लागला! आई पाकीट हातात घेऊन अंगणात नाचत होती. बाबा घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसलेला. वरसुद्धा पाहिलं नाही.

"परत पाठवून दे."

"व्हर्ल, चौदा वर्षं!"

"मग पंधरावं लागू दे."

खूर तासत राहिला. पण मी बाजूला उभी होते, मला दिसत होतं — एकाच जागी तासत होता.

५ जुलै

मी त्याला सांगून टाकलं. "बाबा, चूक माझ्या बाणाची होती. मी दुसरा बाण बनवते. एल्कच्या आरपार जाईल असा. गेला तर तू येशील?"

त्याने हातातली कानस पुसून पेटीत ठेवली. मग म्हणाला, "चूक-बिक राहू दे."

"येशील का?"

"आधी बनव तर, इंजिनिअरीणबाई."

'हो' म्हणाला नाही, पण 'नाही'ही म्हणाला नाही. ऑक्टोबरमध्ये माझी बॉइझी शहरातली नोकरी सुरू होते. मोसम तीस ऑगस्टला उघडतो. आठ आठवडे आहेत. पुरे!

९ जुलै

आज फजिती.

गेल्या वर्षीच्या दांडीलाच पुढे पितळेची जड खुंटी आणि जड टोक बसवलं. वजन चारशे ऐंशी. धनुष्य खिळ्यावरून काढलं (बाबा कामावर गेला होता), वीस यार्डांवर चौकटीला कागद लावला आणि त्यातून बाण मारला. सरळ उडाला तर कागदाला गोल भोक पडतं. मला पडली तीन इंचांची आडवी चीर! म्हणजे बाण माशासारखा शेपूट हलवत चालला होता. दुसरा मारला. तो कागद सोडून, चौकट सोडून, शेडच्या कोपऱ्यावरून गेला आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरीत घुसला.

आई बाहेर आली. चादर पाहिली. बाण पाहिला. मला पाहिलं.

"एल्क पांघरूण घेऊन येणार आहे का?"

१० जुलै

कारण सापडलं. तार सुटते तेव्हा बाणाला मागून ढुशी बसते, पुढचं वजन जागचं हलायला तयार नसतं, आणि मधली दांडी वाकते. पुढे जितकं जड तितकी जास्त वाकते. दांडी मऊ पडली. ताठ दांड्या मागवल्या.

कागदावर हे काल सकाळीच कळायला हवं होतं. खांबाचा बाक हा पहिल्या वर्षाचा धडा आहे, ब्रिन!

२१ जुलै

नव्या दांड्या आल्या. अठ्ठावीस इंचांना कापल्या, कडा घासल्या, खुंट्या चिकटवल्या, पिसं लावली. आईचा केक भाजायचा ओव्हन डिंक वाळवायला मागितला. मिळाला नाही. उन्हात वाळवले.

दांडी दोनशे अडतीस. मागची खाच आणि पिसं मिळून तीस. पुढची खुंटी आणि टोक मिळून दोनशे बावन्न. एकूण पाचशे वीस ग्रेन. सहाही बाण एका ग्रेनच्या आत! सुरीवर ठेवले — तोल वीस इंचांच्या जरा पुढे. बावीस टक्के! बाण हातात घेतला की तो आपणहून खाली बघतो. नम्र वाटतो. पण नाही.

संध्याकाळी कागद लावून उभी होते. बाबा घरी आला, ट्रकचं दार न लावताच बघत राहिला. मी तार ओढली.

"कोपर खाली पडतंय."

पुन्हा ओढली.

"अगं, अजून पडतंय. लोहाराची पोर आणि कोपर बघ! दे इकडे."

दहा महिन्यांनी हातात घेतलं त्याने. बाण लावताना बोटांवर जरा जोखला, भुवया वर गेल्या. ओढलं, सोडलं. कागदाला गोल भोक. पिसांच्या तीन रेघा, बस्स.

बाबा कागदाच्या मागे जाऊन उभा राहिला. भोकातून बोट घातलं. पुढून मला आणि दारात आलेल्या आईला ते हलताना दिसलं. आई हसायला लागली.

२२ जुलै

धनुष्य आज खिळ्यावर नाही. बाबाच्या ट्रकमध्ये आहे.

२ ऑगस्ट

शाळेच्या प्रयोगशाळेतलं वेगमापक यंत्र दोन दिवसांसाठी मागून आणलं. जुन्या मास्तरांनी "पदवीधर झालीस!" म्हणत तीनदा हात मिळवला.

धनुष्याचा भार सामान तोलायच्या काट्यावर मोजला. बाबा ज्या जागी ओढून थांबतो तिथे त्रेचाळीस पौंड. नियमात चाळीस लागतात. ठीक.

जुना बाण: ३१० ग्रेन, २५० फूट. ऊर्जा ४३.

नवा बाण: ५२० ग्रेन, २०० फूट. ऊर्जा ४६. जड बाण धनुष्यातलं जास्त शोषून घेतो, वाया कमी जातं!

आणि वजन गुणिले वेग — चौतीस टक्क्यांनी जास्त! त्याच खांद्यातून, त्याच तारेतून. बाबाला दाखवलं. त्याने वहीवर तेलकट अंगठा ठेवला.

"म्हणजे मी न वाढता वाढलो."

"तसंच."

"तुझ्या आईला सांग. तिला वाटतं मी कमी होत चाललोय."

किती दिवसांनी हा माणूस असा बोलला! आज मला वाटतंय, शिकले ते याच दिवसासाठी. लिहून ठेवते, कोण वाचणार आहे!

९ ऑगस्ट

खरी परीक्षा. गवताच्या गठ्ठ्यात आणि फोममध्ये बाण किती घुसतो त्याला अर्थ नाही. फोम दांडीला घट्ट धरून ठेवतो, मांस धरत नाही. म्हणून ऑरिनकाकांकडे गेलो. त्यांची खाटकाची शेड आहे, मोसमात सगळ्या खोऱ्याची शिकार तिथेच कापली जाते.

"चार वर्षं शिकलीस," काका म्हणाले, "आणि शेवटी आलीस कुठे? माझ्या शेडमध्ये!"

"मजुरी किती देता?"

"तुझ्या बापाला विचार. तीस वर्षं फुकट येतोय."

बैलाच्या बरगड्यांची अख्खी बाजू, कातड्यासकट, काकांनी आकड्याला टांगली. मागे गवताचा गठ्ठा. वीस यार्ड. टोकाला खरी पाती लावली — मी दगडावर, मग चामड्यावर घासलेली, हातावरचे केस उतरतील इतकी.

बाबाने नवा बाण मारला. आवाज झाला तो ओल्या फळीवर मूठ आपटल्यासारखा. बरगडी फोडून, पलीकडून निघून, पिसांपर्यंत गठ्ठ्यात! काकांनी टोपी काढली.

मग मी म्हटलं, आता जुना मारून बघ. फरक दिसू दे.

जुनाही गेला.

आरपार नाही. पण बरगडी फोडून अर्ध्याहून जास्त पलीकडे. जित्या जनावराला एवढं पुरतं. दोन्ही फुप्फुसं गेली असती. मी टेप लावून मोजलं. पुन्हा मारायला लावला. पुन्हा तेच.

मग सप्टेंबरमध्ये सहाच इंच कसे?

बाबा गठ्ठ्यातला बाण ओढून काढण्यात गुंतला होता. म्हणाला, "नवाच चांगला. झालं की!"

१० ऑगस्ट

झालं नाही.

१६ ऑगस्ट

सॉसेज आणायला एकटीच गेले होते. गेल्या हिवाळ्यात आमचा फ्रीजर रिकामा होता, सगळं विकत आणावं लागलं. आई हे कधी बोलत नाही, म्हणून जास्त लागतं. काकांना म्हटलं, मला ते कोडं सुटत नाहीये. वीस यार्डांवर जुना बाण बरगडी फोडतो, मग तिथे का थांबला?

काका कागदात सॉसेज गुंडाळत होते. सहज म्हणाले, "वीस कुठली गं पोरी! शेहेचाळीस होते. मी नंतर पावलं टाकून मोजली."

मी पैसे काउंटरवर ठेवले.

"आणि उभा कुठे होता तो? चालत होता. उजेडही संपत आलेला. मी म्हटलं व्हर्लला, राहू दे. पण इतकी वर्षं..." मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "त्याने सांगितलं नव्हतं तुला?"

सॉसेज तिथेच विसरून आले.

१७ ऑगस्ट

बाबा शेजारच्या करड्या घोडीला नाल ठोकत होता. मी लगाम धरून उभी राहिले. घोडी समोर असली की आम्हाला दोघांनाही एकमेकांकडे बघावं लागत नाही.

"शेहेचाळीस यार्ड होते?"

हातोडी थांबली. मग एक खिळा पूर्ण ठोकला त्याने. दुसरा घेतला.

"ऑरिनचं तोंड."

"बाबा."

"चालत होता. मी जरा पुढे धरला. जास्तच पुढे झाला. फऱ्याच्या हाडावर, खांद्यावर बसला."

फऱ्याचं हाड! ते कुठलाच बाण फोडत नाही. पाचशे वीसचाही नाही, निदान या धनुष्यातून नाही, एवढ्या लांबून नाही.

"एक वर्ष मला वाटत होतं, माझ्या बाणाने झालं."

"मी तसं कधी म्हणालो?"

"नाही म्हणालास?"

"तू विचारलंच नाहीस, किती लांब होता ते."

घोडीने मान हलवली. मी लगाम सोडून घरात निघून आले.

रागाने आले. पण खोलीत बसून वही उघडली आणि राग निम्मा स्वतःवर वळला. खरंच नव्हतं विचारलं. दोन वर्षांच्या वह्या चाळल्या — वजन, वेग, तोल, बाक, संवेग, सगळं दोन-दोन दशांशांपर्यंत. अंतर कुठेच नाही! लहानपणी बाबाने मला शिकवलं होतं, पंचवीसच्या पुढे सोडायचा नाही. ते मी धरूनच चालले. धनुष्यातून निघताना बाणात किती आहे ते मोजत बसले. पोचताना तो कुठे पोचतो, हे नाही.

१८ ऑगस्ट

आज दोघंही बोललो नाही. आईने दोघांच्या ताटात रानबेरींचा केक वाढला आणि म्हणाली, "हकलबेरी गोड आहेत यंदा. कोणाला फरक पडत नसला तरी."

२३ ऑगस्ट

आता खरी भीती सुरू झालीय.

बाबा खुशीत आहे. रोज संध्याकाळी कुरणात. त्याच्या धनुष्यावर नेम धरायला एकाखाली एक अशा पाच बारीक रंगीत सुया आहेत. वीस, तीस, चाळीस, पन्नास, साठ यार्ड. जितकं लांब, तितकी खालची सुई जनावरावर धरायची. नव्या जड बाणासाठी त्याने पाचही नव्याने लावून घेतल्या. आज पन्नासवरून चार बाण मारले आणि चारही एका थाळीएवढ्या जागेत बसवले.

"बघ! तुझा बाण पन्नासवरही ऐकतो. गेल्या वर्षी हा असता तर!"

मी जाऊन चारही बाण उपटून आणले.

मी त्याला हिंमत परत दिली. आणि नको तिथलीही दिली.

घरी येऊन हिशेब केला. शेहेचाळीस यार्ड म्हणजे एकशे अडतीस फूट. जुना हलका बाण तिथे अर्ध्या सेकंदाच्या जरा पुढे पोचत होता. माझा जड बाण — पाऊण सेकंद, थोडं कमी. तेवढ्यात चालतं जनावर तीन फूट पुढे गेलेलं असतं. उभं असलं, तरी तारेचा आवाज ऐकून दचकतं, वळतं. थाळी दचकत नाही! वीस यार्डांवर एक तृतीयांश सेकंदही लागत नाही. काही कळायच्या आत संपतं.

म्हणजे लांबच्या नेमाला माझा बाण जुन्यापेक्षा वाईट आहे. तो जवळचा बाण आहे. जवळ त्याच्याइतका चांगला दुसरा नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

२५ ऑगस्ट

वही घेऊन गेले. समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकलं, हे मान्य करते.

"वीसच्या पुढे सोडणार नाही, असं वचन दे."

"वचनं लग्नात देतात. डोंगरात जे समोर येतं ते येतं."

"मी मागे बसून मादीचा आवाज काढणार आहे. मी त्याला वीसपर्यंत आणते."

"आणि नाही आला तर? चौदा वर्षं थांबलोय, ब्रिनी. तीसवर उभा राहिला, आडवा, शांत — तर काय हात जोडू?"

"हो!"

हसला. "माझ्या बापाने कधी सेकंद मोजले नाहीत. दर वर्षी मांस आणायचा."

"आजोबांचं धनुष्य लाकडाचं होतं. त्यावर सुया नव्हत्या. ते इथून त्या सरपणाच्या ढिगाच्या पलीकडे कधी मारतच नव्हते, तूच सांगितलंस मला!"

बाबाने ढिगाकडे पाहिलं. मग धनुष्य उचलून कुरणाकडे गेला. चाळीसवरून मारत होता. आवाजावरून कळतं.

२८ ऑगस्ट

आईला विचारलं, गेल्या वर्षी तो कसा होता? मी तेव्हा विद्यापीठात होते.

आई बटाटे सोलत होती. "जेवायचा नाही. पहाटे उठून ट्रक घेऊन जायचा, डोंगराखाली उभा करायचा आणि बसायचा. कावळे कुठे घिरट्या घालतात ते बघायला. महिनाभर." मग म्हणाली, "पुन्हा तसा बघवणार नाही मला. त्यापेक्षा फ्रीजर रिकामा राहू दे."

मला हे कोणीच सांगितलं नव्हतं. हेही मी विचारलं नव्हतं.

बाबा वाईट माणूस नाही. लोभी तर मुळीच नाही. पण संध्याकाळ होत आली, चौदा वर्षं वाट पाहिलेलं जनावर समोर चालतंय आणि डोळ्यापुढे चाळीसची सुई आहे — तर माणूस ती वापरतो. मीही वापरली असती. सुई आहे म्हणजे कोणीतरी "चालतं" म्हटल्यासारखंच आहे ते.

बाण बरोबर आहे. पाचशे वीस, बावीस टक्के, त्रेचाळीस पौंड. त्यातला एक ग्रेनही बदलायचा नाही. बदलायचं ते दुसरीकडे आहे.

३० ऑगस्ट, पहाट

मोसम आज उघडला.

काल दुपारी बाबा शेवटच्या घोड्याला गेला होता, तेव्हा छोट्या पान्याने नेमाचे स्क्रू सैल केले आणि तीस, चाळीस, पन्नास, साठ — चारही सुया काढल्या. वीसची ठेवली. त्या चारही पुलावरून नदीत टाकल्या. नव्या सुया मिळतील असं सगळ्यात जवळचं दुकान साठ मैलांवर आहे आणि ते दहाला उघडतं. मग घरी येऊन वाट पाहत बसले आणि तो आल्यावर, हात धुवायच्या आधी, त्याला सांगितलं. विचारलं नाही. सांगितलं. आता तो बाहेर ट्रकमध्ये माझी वाट बघतोय, मांडीवर धनुष्य, त्यावर एकच सुई.